पाचवा फाऊल

माझ्या नोकरीचा आणि शिट्टीचा तसा काही संबंध नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आठवडाभर काचेची भांडी धुऊन घ्यायची, द्रावणं तयार करून ठेवायची, आणि सुट्टीच्या दिवशी काळी पँट, करडा टी-शर्ट घालून बास्केटबॉलच्या कोर्टावर पंच म्हणून उभं राहायचं, असं वीसेक वर्षं चाललं आहे. खेळाडू म्हणून मी बेताचाच होतो. उंची नाही, उडी नाही. पण नियमांचं पुस्तक मला पाठ होतं आणि माझी शिट्टी लवकर वाजायची. जिल्ह्यातल्या मॅचेसना लोक म्हणायचे, "त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही." हे इतक्या वेळा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त वाद एकाच गोष्टीवरून होतात. एक खेळाडू बॉलला टप्पे देत बास्केटकडे घुसतो, दुसरा वाटेत येतो, दोघांची टक्कर होते आणि दोघंही खाली पडतात. चूक कुणाची? अडवणारा आधीच समोर येऊन उभा असेल आणि टक्कर त्याच्या छातीवर झाली असेल, तर फाऊल घुसणाऱ्याचा. त्याला आम्ही चार्ज म्हणतो. अडवणाऱ्याने बाजूने येऊन कंबर किंवा गुडघा वाटेत घातला असेल, तर फाऊल त्याचा. तो ब्लॉक. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात सगळं पापणी लवायच्या आत होतं. पंचाने नजर अडवणाऱ्यावर ठेवायची असते, कारण बॉल घेऊन येणारा तर दिसतोच. ज्या सरांनी मला शिट्टी वाजवायला शिकवलं ते म्हणायचे, "टक्कर झाली की आधी एक श्वास घे. जे बघितलंस ते डोक्यात परत एकदा बघ. मग वाजव." पहिली काही वर्षं मी तो श्वास घेतला. पुढे सोडून दिला. तो न घेताही माझं बरोबर येत होतं. निदान कुणी चूक म्हणत नव्हतं.

त्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळांच्या स्पर्धेत, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या मॅचला. मंद्रूपकडच्या एका शाळेचा संघ आला होता. त्यांच्या शाळेत सिमेंटचं कोर्ट होतं, पण बोर्ड एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला नुसता खांब उभा होता. खेळ शिकवणाऱ्या बाई स्वतः कधीकाळी विद्यापीठाकडून खेळलेल्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्या अर्ध्या कोर्टावर आठ-दहा मुली तयार केल्या होत्या. त्यातली ही एक. काळीसावळी, फार उंच नाही, पण पायांत विलक्षण ताकद. बॉल हातात आला की ती थांबायचीच नाही. घरी मेंढरं होती. लहानपणापासून वडिलांमागे माळावर चाललेली. शहरातल्या मुली तिसऱ्या क्वार्टरला धापा टाकायला लागत, तेव्हा ही जणू नुकतीच मैदानात उतरल्यासारखी पळायची.

स्पर्धा तीन दिवसांची होती. शेवटच्या दिवशी दुपारी, फायनलच्या आधी, आम्ही पंच आणि दोन-चार प्रशिक्षक शामियान्यात जेवायला बसलो होतो. ज्या शहरी शाळेशी मंद्रूपची फायनल होती, तिचे प्रशिक्षक माझ्या शेजारी होते. भाकरीचा तुकडा मोडता मोडता ते म्हणाले, "सर, ती मंद्रूपची पोरगी लई अंगावर जाते बघा. मेंढरं हाकल्यासारखी खेळते."

सगळे हसले. मीही हसलो.

तिथे बाई नव्हत्या. त्या मुलींना घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या सावलीत बसल्या होत्या. त्या वाक्याचा मी पुढे कितीतरी वेळा विचार केला आहे. त्यांनी ते मला मुद्दाम ऐकवलं की सहज बोलून गेले, मला माहीत नाही. पण मी मैदानात उतरलो तो ते वाक्य डोक्यात घेऊन, एवढं खरं. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये तिचे चार फाऊल झाले. त्यातले दोन स्वच्छ होते, त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. बाकीच्या दोनांबद्दल आता मी शपथ घेऊ शकणार नाही.

चौथ्या क्वार्टरची चार मिनिटं उरली होती. मंद्रूप तीन गुणांनी पुढे होतं. ऊन उतरलं होतं तरी सिमेंट तापलेलं होतं, बुटांच्या तळव्यातून जाणवत होतं. मी बास्केटखाली होतो. माझा जोडीदार पंच, अक्कलकोटचा एक तरुण, मागून मैदानाच्या बाजूने येत होता. तिने उजवीकडून बॉल घेतला, दोन टप्पे दिले, आणि बॉल पुढून डाव्या हातात घेऊन आत वळली. समोरून शहरी संघाची सगळ्यात उंच मुलगी सरकली. टक्कर झाली. उंच मुलगी पाठीवर पडली, ही गुडघ्यांवर. त्या दोघी पुरत्या पडल्याही नव्हत्या आणि माझी शिट्टी वाजली होती. मी मूठ उघड्या तळव्यावर मारून दाखवली. चार्ज.

तिचा पाचवा फाऊल. पाच झाले की खेळाडू बाहेर.

मंद्रूपच्या मुली जागच्या जागी थांबल्या. माझा जोडीदार धावत माझ्याकडे आला. मराठी बोलताना त्याला कानडी हेल आहे, घाईत तो जास्तच येतो. हळू आवाजात म्हणाला, "सर, एक मिनिट बोलूया का? मला बाजूनं वेगळं दिसलं."

दोन पंचांनी बाजूला जाऊन बोलायचं, पटलं तर निर्णय बदलायचा, याला नियमात पूर्ण परवानगी आहे. मी स्वतः नव्या पंचांना तसं शिकवत होतो. पण शामियान्यात जिल्हा संघाच्या निवड समितीचे लोक बसले होते, दोन्ही बाजूंनी आरडाओरडा चालला होता, आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगा मला थांबवत होता.

"बास्केटखालचा एरिया माझा आहे," मी म्हणालो. "स्कोअरच्या टेबलला नंबर सांगायला चाललोय."

तो मागे सरकला.

ती उठली. गुडघ्याला खरचटलं होतं. आपल्यावर फाऊल दिला की हात वर करायचा, असं बाईंनी शिकवलं होतं, तसा तिने हात वर केला. मग माझ्याजवळ आली. आवाज चढला नव्हता.

"सर, मी कुटं ढकललं? माझा खांदा पुढं गेला हुता की."

"चर्चा नाही. बाहेर जा," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "आणि ही अंगावर जायची सवय सोड."

तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि बाकाकडे गेली. बाई कोर्टाच्या रेषेपाशी उभ्या होत्या. त्यांनी एकच शब्द विचारला, "नक्की, सर?"

"नक्की," मी म्हणालो.

ती नसताना मंद्रूपकडे बॉल पुढे नेणारी दुसरी मुलगी नव्हती. ते पाच गुणांनी हरले.

मॅच संपल्यावर जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. हा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. अकरा नावं ठरली होती, एकाच जागेवर चर्चा अडली होती. पंचांना सहसा यात कुणी विचारत नाही. पण मी चहा घेत जवळच उभा होतो. समितीतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "सर, तुम्ही तीन दिवस जवळून बघितलंय. ती मंद्रूपची कशी वाटते?"

मी म्हणालो, "ताकद आहे. कंट्रोल नाही. राज्यावर गेली तर फाऊलमध्येच बाहेर बसेल."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. थोड्या वेळाने यादी वाचून दाखवली, त्यात तिचं नाव नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती काय करत होती हे मला ठाऊक नाही. निदान तिच्याकडे बघायचं तरी धाडस केलं, एवढं समाधानही त्यामुळे मला उरलेलं नाही.

आठ-नऊ दिवसांनी दुपारी मी प्रयोगशाळेत होतो. मुलं जेवायला गेली होती. फोनवर बाईंचा मेसेज आला. मजकूर काहीच नाही, नुसता एक व्हिडिओ. कुणातरी पालकाने कोर्टाच्या बाजूने काढलेला, थोडा हलणारा. साधारण जिथे माझा जोडीदार उभा होता तिथूनच.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला जे त्या दिवशी दिसलं तेच दिसलं. दुसऱ्यांदा मी बोटाने थांबवत थांबवत पाहिला. उंच मुलगी समोर आलीच नव्हती. ती बाजूने येत होती, आणि आपण पोचणार नाही हे लक्षात आल्यावर तिने गुडघा आणि कंबर बाहेर काढली. मंद्रूपच्या मुलीचा खांदा तिच्या पुढे निघून गेला होता. टक्कर छातीला लागलीच नाही. त्या गुडघ्याला तिची मांडी लागली आणि दोघी कोसळल्या. नियमांच्या पुस्तकातलं चित्र असतं ना, ब्लॉक कसा ओळखावा म्हणून, तसा सरळ ब्लॉक.

आणखी एक गोष्ट त्या व्हिडिओत दिसत होती. कोपऱ्यात मी होतो. बॉल डाव्या हातात गेला त्याच क्षणी माझा हात शिट्टीकडे गेलेला दिसतो. टक्कर व्हायच्या आधी. नजर माझी अडवणारीवर नव्हती. मी मंद्रूपच्या मुलीकडेच बघत होतो, ती अंगावर जाते म्हणून.

मी नळ सोडला, हात धुतले, पुन्हा फोन घेतला. राज्य स्पर्धेला संघ निघायला अजून बारा दिवस होते. तोवर यादीत बदल होऊ शकतो, एखादी मुलगी आजारी पडली तर होतोच, हे मला माहीत होतं. समितीच्या त्या गृहस्थांचा नंबर माझ्याकडे होता. मी तो काढला. मग विचार आला की फाऊल चुकला एवढंच सांगून भागणार नाही. फाऊल कुणाचाही चुकतो. मला त्या वाक्याचं सांगावं लागेल, कंट्रोल नाही म्हणालो त्याचं. ते म्हणतील, मग तेव्हा बोललात कशाला? मी फोन ॲप्रनच्या खिशात टाकला. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी उद्या म्हटलं. बारा दिवस असेच गेले, आणि संघ गेल्याचं वर्तमानपत्रात वाचल्यावर मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

बाईंच्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही. मी तो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा त्यांना दिसल्या असणारच. पूर्वी स्पर्धेला आल्या की त्या पंचांसाठी डब्यातून शेंगाची चटणी आणायच्या, नव्या नियमांबद्दल विचारायच्या. पुढच्या वर्षी भेटल्या तेव्हा "नमस्कार सर" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या संघात ती मुलगी होती. तिच्या एका मॅचला मी पंच होतो. ती बॉल घ्यायची, दोन टप्पे द्यायची आणि दुसरीला पास करायची. आत घुसायची नाही. मला वाटलं, सुधारली. खरंच तेव्हा मनात हाच शब्द आला.

दोन वर्षं गेली. नव्या पंचांसाठी दोन दिवसांचा वर्ग होता, आणि 'बॉल घेऊन येणारा आणि अडवणारा यांच्यातली टक्कर' हा विषय माझ्याकडे होता. मी तो दरवर्षी शिकवायचो. फळ्यावर आकृत्या काढल्या, मुलांना उभं करून दाखवलं. शेवटी एका मुलीने हात वर केला. "सर, तुमचा कधी चार्ज-ब्लॉक चुकलाय का?"

मी एक जुनी गंमत सांगितली. एका हौशी मॅचला पावसाने कोर्ट ओलं होतं, दोन जाडजूड खेळाडू घसरून एकमेकांवर पडले आणि मी गोंधळून दोघांनाही फाऊल दिला, अशी. सगळे खूप हसले. ती गंमत खरी होती. पण प्रश्नाचं खरं उत्तर ते नव्हतं, आणि विचारणारी मुलगी वहीत काहीतरी लिहून घेत होती.

घरी येऊन जेवताना मी हा किस्सा बायकोला सांगितला, म्हणजे वर्ग कसा झाला वगैरे. आमच्या घरात तेलुगू बोलतात. ती वाढता वाढता तेलुगूत म्हणाली, "आणि त्या मुलीचं? ते नाही सांगितलं?"

"कुठल्या?"

"फोनवर बघत बसता ती. मला काय दिसत नाही का?"

मी त्या व्हिडिओबद्दल तिला कधीच काही बोललो नव्हतो. तरी त्यात माझं काहीतरी चुकलंय हे तिने ओळखलं होतं. मग सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मग तिला कळू दे की." आणि ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. त्यांनी लगेच उचलला. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाल्या, "सर, व्हिडिओ पाठवला तेव्हा चार दिवस मी फोनची वाट बघितली. वाटलं, हा माणूस सांगेल. बाकी कुणाकडून मला अपेक्षा नव्हती."

"चुकलं, बाई."

"मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. घरीच आहे ती."

मंद्रूपला गेलो तो बाजाराचा दिवस होता. स्टँडपासून बाईंच्या स्कूटरवर मागे बसून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत बराच वेळ गेला. गावाबाहेर शेताच्या कडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. आई-वडील मेंढरं घेऊन दूर गेले होते. चालू न शकणारी चार-पाच कोकरं मागे ठेवली होती, त्यांना ती बाटलीने दूध पाजत होती. धाकटी बहीण शाळेत गेली होती. दोघींपैकी मोठीने घर सांभाळायचं, हे ठरूनच गेलेलं. राज्यावर निवड झाली तर तिला सोलापुरात वसतिगृहात ठेवून शिकवायला वडील तयार झाले होते, हे मला बाईंनी वाटेत स्कूटरवर सांगितलं. वाऱ्यामुळे मला ते दोनदा विचारावं लागलं. दोन्ही वेळा त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं.

तिने मला ओळखलं. "या की सर," म्हणाली. हात धुऊन पाणी आणलं, चहा ठेवला. मी चहा व्हायची वाट बघितली नाही, उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो पाचवा फाऊल तुझा नव्हता. माझा निर्णय चुकला. नंतर निवड समितीला मी तुझ्याबद्दल जे बोललो तेही चूक होतं. आणि मला हे आठ दिवसांतच कळलं होतं, तरी मी दोन वर्षं गप्प बसलो.

ती चुलीकडे बघत राहिली. मग बाईंना म्हणाली, "बाई, तुमाला ठाव हुतं?"

"व्हिडिओ होता माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"मला का न्हाय दावला?"

बाई म्हणाल्या, "तुला अजून त्रास होईल म्हणून."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मला वाटलं माझंच चुकलं. तुमी लई मोठं पंच, सगळी म्हणायची. तुमी म्हणला अंगावर जाती, मग मी आत जायाचंच सोडलं. लई प्रॅक्टिस केली बगा, न जायाची." ती हसली नाही, रडलीही नाही. "मग खेळायला मजाच येईना. सोडून दिलं."

मी चुकलो, असं पुन्हा म्हणालो. ते किती कमी होतं ते तिघांनाही कळत होतं.

ती अचानक उठली. "चला बाहेर."

अंगणात शेणाने सारवलेली मोकळी जागा होती. तिने पायाने एक खूण केली. "हितं बास्केट. तुमी तितं उभं ऱ्हावा, त्या उंच पोरीच्या जागंवर." मी उभा राहिलो. ती दहा पावलं मागे गेली. अंगात सलवार-कमीज होती. पायांतली चप्पल तिने काढून बाजूला ठेवली. बॉल नव्हता. रिकाम्या हाताने टप्पे देत उजवीकडून आली, हात बदलला, डावा खांदा खाली घेतला आणि माझ्याजवळून गेली. मी नकळत एक पाऊल सरकलो. तरी तिचा कपडासुद्धा मला लागला नाही.

"असं गेलते मी," ती वळून म्हणाली. दम लागला नव्हता. "कुटं लागलं का तुमाला?"

"नाही."

"तिलाबी लागलं नसतं. तिनं पाय घातला."

"हो."

"त्या दिशीच म्हणायचं हुतं, सर."

"हो," मी म्हणालो.

कोकरं ओरडायला लागली म्हणून ती त्यांच्याकडे गेली. चहा उकळून उतू गेला होता. उरलेला आम्ही तिघांनी थोडा थोडा घेतला.

परत आल्यावर मी जिल्हा संघटनेला पत्र लिहिलं. काय झालं, मी काय बोललो, सगळं. काही दिवसांनी एका पदाधिकाऱ्यांनी फोन करून समजावलं, "सर, जुनं कशाला उकरताय? उद्या प्रत्येक पालक व्हिडिओ घेऊन येईल." पत्राचं पुढे काही झालं नाही. होणार नाही हे मला लिहितानाच माहीत होतं, आणि तिलाही मी तसं सांगितलं होतं. माझ्या त्या जोडीदाराला भेटायला मी अक्कलकोटला गेलो. तो आता माझ्यापेक्षा वरच्या स्पर्धा करतो. त्याची माफी मागितली, तर तोच ओशाळला. "मीच जोर लावून बोलायला पाहिजे होतं, सर," म्हणाला. त्याला मी त्या दिवशी बोलू दिलं नव्हतं हे तो विसरला होता, की मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाला, कोण जाणे.

पंचांच्या वर्गात मी तो व्हिडिओ दाखवतो. तिला विचारूनच. "दावा की. मी काय केलंय लपवायला?" असं म्हणाली होती. दाखवतो तेव्हा आधी कुणाला काही सांगत नाही, फक्त निर्णय विचारतो. निम्मे जण चार्ज म्हणतात. मग सावकाश दाखवतो आणि कोपऱ्यातला माणूस मी आहे असं सांगतो. मुलं माझ्याबद्दल जरा जास्तच आदराने बोलायला लागली आहेत, मोठेपणा म्हणतात. मला ते ऐकवत नाही. मोठेपणा बारा दिवसांच्या आत दाखवायचा होता.

ती आता सोलापुरात असते. अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात शिलाईच्या मशीनवर काम करते, बहिणीला शिकायला सोबत आणलं आहे, आणि पोलीस भरतीची तयारी करते. एकदा मैदानी चाचणीत निघाली, लेखीत थोडक्यात राहिली. पुन्हा देणार आहे. मी पुस्तकं नेऊन दिली, ती तिने घेतली. पहाटे ज्या मैदानावर ती पळायला येते, तिथे कधीमधी मीही चालायला जातो. बोलणं चार वाक्यांचं होतं.

गेल्या महिन्यात मी तिला म्हणालो, पंचांची परीक्षा दे. मुलींच्या मॅचना महिला पंच मिळत नाहीत, आणि तुझ्याइतकं हे कुणाला कळणार? मला ते फार चांगलं सुचलं असं वाटत होतं.

ती बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "नको, सर. दुसऱ्याचं काय चुकलं ते बगत उभं ऱ्हायचं मला न्हाय जमायचं. मला पळायला आवडतं."

आणि ती पळायला गेली. मी पुन्हा विचारलं नाही.